पोथीतून कंठात

ग्रंथाला राहायला दोन जागा असतात. एक देव्हाऱ्यातली. तिथे तो वस्त्रात बांधलेला असतो, त्याला गंध-फूल वाहिले जाते, आणि सप्ताहाच्या दिवसांत तो उघडला जातो. दुसरी जागा माणसाच्या कंठातली. तिथे त्याला वस्त्र लागत नाही, समई लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. दिंडीत चालणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माउलीला सही करता येत नाही, पण हरिपाठ सुरू झाला की पुढचे चरण कोणते हे तिला कुणाला विचारावे लागत नाही. वारकऱ्याला यात नवल वाटत नाही. ग्रंथ वाचायचा असतो तसा तो गायचाही असतो, हे आपल्याला घरातच कळलेले असते.

हा अनुभव आपल्यापुरताच आहे का, असा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. ख्रिस्ती धर्माकडे आपण बाहेरून पाहतो तेव्हा तो एका पुस्तकाचा धर्म वाटतो. रविवारी हातात बायबल घेऊन देवळाकडे निघालेली माणसे आपण पाहिलेली असतात. ते पुस्तक मोठे, त्यातली नावे परकी, आणि इतिहास दूरच्या देशाचा. असा ग्रंथ शेतात राबणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाच्या जीवनात उतरला कसा? इतिहास चाळला तर याचे उत्तर पुन्हा पुन्हा एकच मिळते. तो गाण्यातून उतरला. आणि आपल्या महाराष्ट्रात तो ज्या वाटेने उतरला, ती वाट देहूवरून जाते. म्हणून हा इतिहास वारकऱ्याने जाणून घेण्याजोगा आहे.

ग्रंथातच असलेली गाथा

बायबल हे एकच पुस्तक दिसत असले तरी तो अनेक लहान-मोठ्या ग्रंथांचा संग्रह आहे. त्याचे जुना करार आणि नवा करार असे दोन भाग आहेत. जुन्या करारात ‘स्तोत्रसंहिता’ नावाचा एक भाग आहे. त्यात १५० गीते आहेत. त्यांतली बरीचशी दावीद राजाच्या नावावर आहेत. यहुदी लोक ही गीते यरुशलेमेच्या मंदिरात तंतुवाद्यांच्या आणि झांजांच्या साथीने गात असत. त्यांत स्तुती आहे, करुणा भाकणे आहे, पापाची कबुली आहे, आणि ‘देवा, तू कुठे दडून बसलास’ अशा भावाचे भांडणही आहे. ज्याने तुकोबांची गाथा वाचली आहे त्याला हा सूर ओळखीचा वाटल्याशिवाय राहणार नाही.

येशू आणि त्याचे पहिले शिष्य यहुदीच होते. ही गीते त्यांनी लहानपणापासून ऐकलेली होती. शेवटच्या रात्रीचे भोजन आटोपल्यावर गुरुशिष्य एक गीत गाऊन डोंगराकडे निघाले, अशी नोंद मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. दुसऱ्या दिवशी क्रूसावर प्राण कासावीस झाले असता येशूच्या तोंडून जे उद्गार निघाले, त्यांतला एक २२ व्या स्तोत्राचा आरंभ आहे. हातात पोथी नाही, हात तर खिळलेले आहेत, आणि तरीही ग्रंथ तोंडी आला. कंठात उतरलेला ग्रंथ संकटसमयी शोधावा लागत नाही, याचे याहून मोठे उदाहरण ख्रिस्ती परंपरेत दुसरे नाही.

पुढे सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठात राहणाऱ्या साधूंसाठी नियम लिहिले. त्यांत त्यांनी सांगितले की १५० स्तोत्रे दर आठवड्याला एकदा पूर्ण म्हटली गेलीच पाहिजेत. कुठले स्तोत्र कोणत्या प्रहरी म्हणायचे याची वाटणीही त्यांनी लावून दिली. पहाटेच्या अंधारापासून रात्री निजेपर्यंत दिवसाचे भाग पाडून गायन चाले. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन, जागर असा सप्ताहाचा क्रम ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की त्या मठांत हा सप्ताह वर्षभर अखंड चालत असे.

लोकांच्या तोंडची भाषा

पण इथेच एक अडचण होती. मठांतले हे गायन लॅटिन भाषेत होते. काळ गेला तशी ती भाषा सामान्य लोकांच्या बोलण्यातून नाहीशी झाली, पण उपासनेत तशीच राहिली. लोक देवळात येत, उभे राहत, ऐकत आणि घरी जात. शब्द देवाचे आहेत हे त्यांना माहीत होते, पण त्या शब्दांत काय सांगितले आहे ते कळत नव्हते. गाणारे वेगळे आणि ऐकणारे वेगळे, अशी विभागणी होऊन बसली.

अशी कोंडी आपल्याकडेही झाली होती. गीता संस्कृतात होती आणि ती पंडितांच्या स्वाधीन होती. ती कोंडी ज्ञानदेवांनी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवाशाला फोडली. गीतेच्या ७०० श्लोकांच्या सुमारे ९,००० ओव्या झाल्या, आणि मराठी माणसाच्या दारात गीता येऊन उभी राहिली.

युरोपात जर्मन लोकांसाठी असे काम सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी केले. ल्यूथर स्वतः मठात राहिलेले साधू होते, स्तोत्रे त्यांच्या जिभेवर होती. १५२२ साली त्यांनी नव्या कराराचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. पण नुसते छापून भागणार नाही हे त्यांच्या ध्यानात आले होते. वाचता येणारे थोडे होते, गाता येणारे सगळेच होते. १५२३ च्या अखेरीस त्यांनी स्पालाटिन या आपल्या मित्राला पत्र लिहून विनंती केली, की स्तोत्रांवरून जर्मन गीते तयार करा. शब्द साधे, रोजच्या बोलण्यातले असावेत, पण मूळ अर्थाला धरून असावेत. गाण्यातून देवाचा शब्द लोकांमध्ये नांदावा, ही त्यामागची इच्छा होती. १५२४ साली जे पहिले छोटेसे गीतपुस्तक निघाले त्यात अवघी आठ गीते होती आणि त्यांतली चार ल्यूथर यांची होती. पुढे ४६ व्या स्तोत्राच्या आधारे त्यांनी रचलेले गीत तर जगभर पसरले.

फ्रेंच भाषेतही हेच घडले. १५६२ साली जिनिव्हा शहरातून सगळीच्या सगळी १५० स्तोत्रे फ्रेंच पद्यात, चालींसह छापून निघाली. ज्यांना त्यांच्या श्रद्धेपायी छळ सोसावा लागला, देश सोडावा लागला, त्यांनी ही गीते बरोबर नेली. गीत बरोबर न्यायला गाठोडे बांधावे लागत नाही.

इंग्लंड-स्कॉटलंडमधली एक रीत तर आपल्याला अगदी घरची वाटेल. १६४५ साली तिकडे उपासनेचे जे नियम ठरले, त्यांत वाचता न येणाऱ्यांची सोय पाहिली होती. मंडळीतल्या एका योग्य माणसाने स्तोत्राची एक ओळ आधी म्हणायची आणि मग सर्वांनी ती गायची, पुन्हा पुढची ओळ, पुन्हा सर्वांनी. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर गेलिक भाषेत आजही स्तोत्रे अशीच गायली जातात. एकाने चाल धरायची आणि टाळकऱ्यांनी ती उचलायची, हा आपल्या भजनाचा प्राण आहे. कोणी कोणाचे पाहून हे केलेले नाही. निरक्षर माणसालाही ग्रंथाचा वाटा मिळाला पाहिजे अशी तळमळ जिथे असते, तिथे माणूस या युक्तीपाशी येऊन पोहोचतोच.

गोव्यातले पुराण

आता आपल्या भूमीवर येऊ. १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज जेज्वीट पाद्री गोव्यात उतरले. एकनाथ महाराज तेव्हा पैठणात होते. स्टीफन्स मराठी आणि कोकणी शिकले, आणि मराठीवर इतके लुब्ध झाले की तिच्या गौरवाच्या ओव्या त्यांनी स्वतः रचल्या. १६१६ साली गोव्यातील राचोल येथे त्यांचा ‘क्रिस्तपुराण’ हा ग्रंथ छापला गेला. जुन्या आणि नव्या करारातली कथा त्यात हजारो ओव्यांत सांगितली आहे. लिपी रोमन, पण छंद ओवीचा आणि थाट पुराणाचा.

या पुराणाच्या जन्मामागे जे दुःख आहे ते लपवण्यात अर्थ नाही. पोर्तुगीज सत्तेने गोव्यात देवळे पाडली होती, लोकांचे जुने ग्रंथ हिरावून घेतले होते. क्रिस्तपुराणातच असा प्रसंग आहे, की नव्याने ख्रिस्ती झालेला एक जण पाद्रीबाबांना म्हणतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी आम्हांला वाचायला काहीतरी द्या. या मागणीत मराठी माणसाची सारी घडण आहे. नियम आणि प्रश्नोत्तरे पाठ करून त्याचे समाधान होत नव्हते. त्याला कथा हवी होती, ओवी हवी होती, चार जणांनी बसून ऐकावे-म्हणावे असे काही हवे होते. स्टीफन्स यांनी ती भूक ओळखली.

हे पुराण लोकांनी आपलेसे केले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. पण १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावे. मराठी ओवीतल्या ग्रंथाला राजाश्रय राहिला नाही. मग हा ग्रंथ वाचला कसा? गोव्यातून दक्षिणेला कानडी मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याची हस्तलिखिते जपली, आणि ओव्या म्हणण्याचा परिपाठ चालू ठेवला. तिथूनच, मंगळुरात, १९०७ साली तो पुन्हा छापला गेला. मधे अडीचशे वर्षे गेली. जो ग्रंथ लोकांच्या तोंडी असतो, त्याला फर्मानाने मारता येत नाही.

इंद्रायणीची कथा आपल्याला वेगळी सांगायला नको. तेरा दिवसांनी वह्या तरल्या अशी आपली श्रद्धा आहे. त्याच कथेचा दुसरा अर्थही आपले कीर्तनकार सांगत आले आहेत, की वह्या डोहात होत्या तेव्हाही अभंग गावोगावच्या लोकगंगेत तरतच होते.

परकी चाल आणि मुका शब्द

एकोणिसाव्या शतकात मराठी बायबल छापील रूपात आले. बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८११ साली नव्या कराराचे मराठी भाषांतर निघाले. मुंबईत अमेरिकन मिशनरी १८१३ साली आले आणि १८२६ साली त्यांनी आपले भाषांतर छापले. १८४२ पासून अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. म्हणजे ग्रंथ होता, छापखाना होता, शाळा होत्या.

उणीव होती ती गाण्याची. सुरुवातीची बरीचशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि ती इंग्रजी चालींवर बसवलेली होती. मराठी शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ त्या चालींत मावत नसत. नगर भागातले, नुकते ख्रिस्ती झालेले शेतकरी आणि मजूर ही गीते म्हणत, पण ती देवळाच्या उंबरठ्यापर्यंतच राहत. जात्यावर, मोटेवर, बाळाच्या पाळण्यापाशी ती येत नसत. शब्द मराठी असूनही मुका राहिला होता, कारण त्याचा श्वास परका होता.

ही उणीव तिथल्याच माणसांनी ओळखली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर भागात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या मंडळींनी ख्रिस्ती कीर्तने सुरू केली. टाळ-मृदंगाच्या साथीने, पूर्वरंग-उत्तररंगाच्या धर्तीवर ते बायबलातली आख्याने लावू लागले. ज्या गावात पुस्तक उघडणारे कोणी नव्हते, तिथे कीर्तनाला मात्र गर्दी जमू लागली. पण या वाटेवरचे सगळ्यांत मोठे नाव पुढे यायचे होते.

तुकोबांच्या पुलावरून

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. नाशिकला त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. फुला-मुलांचे कवी म्हणून त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असता एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्याने उतरताना टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि ती वाचा म्हणून सांगितले. पुस्तक काही मनात भरले नव्हते, पण शब्द दिला म्हणून टिळकांनी ते वाचायला घेतले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनापाशी, ते खिळून राहिले. दीनांचे, शोक करणाऱ्यांचे, शत्रूवरही प्रेम करणाऱ्यांचे तिथे जे वर्णन आहे, त्याने त्यांना हलवून सोडले. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला.

या पावलाची किंमत घरातल्या सगळ्यांनी मोजली. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा यांची व टिळकांची ताटातूट झाली. ती सुमारे पाच वर्षे टिकली. लक्ष्मीबाईंनी १९०० साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्या काळातले अश्रू आणि त्यातूनही न हरवलेले हसू त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले आहे. टिळकांनी केले ते योग्य की अयोग्य, हा वाद इथे मांडायचा नाही. आपल्यापैकी अनेकांना ते रुचणार नाही हेही खरे. पण पुढे त्यांनी जे केले त्याकडे वारकऱ्याने डोळे भरून पाहावे असे आहे.

टिळकांच्या कानात तुकोबा होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, या अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ज्या पुलावरून आलो तो मोडून टाकण्याची कृतघ्नता त्यांनी केली नाही. उलट, नवा ग्रंथ जुन्या पुलावरूनच लोकांपर्यंत न्यायचा असे त्यांनी ठरवले. संस्कृताचा हा पंडित अभंग लिहू लागला, ओव्या लिहू लागला, पदे आणि भजने रचू लागला. इंग्रजी चालींच्या जागी मराठी चाली आल्या, टाळ आणि मृदंग आले. त्यांच्या अभंगांचा संग्रह ‘अभंगांजली’ या नावाने ओळखला जातो. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात त्यांची शेकडो गीते आहेत, आणि रविवारी खेड्यापाड्यांतल्या देवळांतून पेटी-तबल्यावर ती आजही गायली जातात.

इथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. शुभवर्तमान ही कथा आहे. येशू असा चालला, असा बोलला, त्याने अमक्याला बरे केले, असे त्यात सांगितलेले असते. कथेत देव ‘तो’ असतो. अभंगाचा स्वभाव वेगळा आहे. अभंगात देव समोर उभा असतो आणि भक्त त्याला ‘तू’ म्हणतो, कधी आई म्हणतो, कधी सखा म्हणतो, कधी रुसतो. कथा अभंगात उतरली की जुन्या काळी दुसऱ्या देशात घडलेली गोष्ट आज माझ्या दारात घडू लागते. टिळकांनी येशूला ‘माउली’ म्हटले, ‘सद्गुरू’ म्हटले. हा केवळ शब्दांचा पोशाख नव्हता. ‘माउली’ म्हटल्याबरोबर मराठी माणसाच्या मनात जो ओलावा येतो तो घेऊनच ग्रंथाचा अर्थ त्यांच्या श्रोत्यांपर्यंत गेला. अभंगाच्या शेवटी नाममुद्राही त्यांनी स्वतःच्या नावाची घातली नाही. ‘दास’ एवढीच घातली.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ज्यांना येशूच्या वाटेने जायचे आहे त्यांनी, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, एकत्र येऊन भक्ती करावी असा तो प्रयत्न होता. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हातून एक मोठे काम अपुरे राहिले होते. रामायणाप्रमाणे येशूचे चरित्र सांगणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभले होते आणि त्याचे सुमारे दहाच अध्याय झाले होते. पुढचे बहुतेक सारे अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. लहानपणी ज्यांना शाळा मिळाली नव्हती, अक्षरओळख लग्नानंतर झाली होती, त्या बाईंनी हे काम अंगावर घेतले. लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या आणि ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. कंठात उतरलेला ग्रंथ पुन्हा कागदावर आला, तो एका अशा स्त्रीच्या हातून. जनाबाई, बहिणाबाईंचा वारसा सांगणाऱ्यांना याचे मोल सांगावे लागत नाही.

ग्रंथाचा धाक

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग गाणेच पुरे, ग्रंथाची गरज काय? तसे मात्र नाही. गाणे वाहते असते आणि वाहत्या पाण्यात पाचोळा मिसळतो. तोंडोतोंडी जाताना शब्द बदलतात, सोयीचे चरण आत येतात, गैरसोयीचे गळून पडतात.

आपल्याकडे हे घडलेच होते. ज्ञानेश्वरी तीनशे वर्षे लोकांनी हौसेने म्हटली, उतरून घेतली, आणि तिच्यात अपपाठ शिरले. एकनाथ महाराजांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली, जुन्या प्रती ताडून ती शुद्ध केली आणि यात आता कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. ज्ञानेश्वरीवर त्यांचे प्रेम होते म्हणूनच त्यांनी तिचा पाठ तपासला. स्वतः अभंग, गौळणी आणि भारुडे रचून लोकांना नाचवणारे नाथ महाराजच ग्रंथाच्या एकेका अक्षराची काळजी वाहत होते, हे विसरता कामा नये.

ख्रिस्ती परंपरेतही असेच दिसते. ल्यूथर यांनी साध्या शब्दांची मागणी केली, पण मूळ अर्थाला धरून राहण्याची अट घातली. महाराष्ट्रात हा ध्यास पंडिता रमाबाईंनी घेतला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आणि ते सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे वाचत हिंडलेले. रमाबाईंच्या कानांवर लहानपणापासून ग्रंथ पडला होता. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अनाथ, विधवा, दुष्काळात होरपळलेल्या बायका-मुलींचा सांभाळ करताना त्यांना जाणवले, की प्रचलित भाषांतरातली मराठी या बायकांना कळत नाही. म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्या मूळ भाषांतून सगळे बायबल सोप्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुक्तीतल्या स्त्रियांनी छापलेले ते बायबल १९२४ साली पूर्ण झाले. टिळकांनी ग्रंथ गाण्यात नेला आणि रमाबाईंनी तो शेवटच्या बाईला उमजेल अशा गद्यात नेला. दोघांच्या समोर माणूस एकच होता, ज्याला ग्रंथावाचून ठेवले गेले होते तो.

म्हणजे ग्रंथ आणि गाणे यांचे नाते मृदंगाच्या दोन तोंडांसारखे आहे. एकीकडे शाई आणि दुसरीकडे कणीक, दोन्ही तोंडे सुरात असली तरच बोल निघतो. ग्रंथ गाण्याला अर्थाचा धाक देतो आणि गाणे ग्रंथाला माणसाच्या जीवनात जागा मिळवून देते. गाण्यावाचून ग्रंथ विद्वानांपाशी थांबतो, आणि ग्रंथावाचून गाणे चालीच्या गोडव्यात विरून जाते.

आज आपल्या हातात काय नाही? गाथा खिशात मावते, ज्ञानेश्वरी मोबाईलवर येते, बुवांचे गायन कानात घालून झोपता येते. अशा वेळी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. मी जे वाचतो त्यातले कंठात किती उतरले? आणि मी जे गातो त्याचा अर्थ ग्रंथापाशी नेऊन कधी तपासला का? नगरकडच्या एखाद्या खेड्यात रविवारी टिळकांचे भजन म्हणणाऱ्या ख्रिस्ती म्हातारीला आणि दिंडीत हरिपाठ म्हणणाऱ्या आपल्या माउलीला हे प्रश्न सारखेच लागू पडतात.

टिळक गेले त्याच १९१९ साली निकोल मॅकनिकल या ख्रिस्ती पंडिताचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्ञानोबा, नामदेव, तुकोबा आदी संतांच्या १०८ अभंगांचे ते इंग्रजी भाषांतर होते. पुस्तकाला नाव देताना त्याने बायबलातल्या स्तोत्रांसाठी इंग्रजीत जो शब्द आहे तोच घेतला आणि आपल्या अभंगांना ‘मराठी संतांची स्तोत्रे’ म्हटले. स्वतःच्या ग्रंथाच्या काळजातला शब्द त्याने दुसऱ्याच्या गाण्याला दिला. त्या १५० स्तोत्रांवर वाढलेल्या माणसाच्या कानाला आपले अभंग कसे ऐकू आले असतील, ते त्या एका नावावरून कळते.